पुढे वाकताना शरीर कोणत्या प्रतलात असतं?

आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार.

माझं वय 42. आमच्या गावात मी पहाटे बायकांचा योगवर्ग घेते. शिक्षण बी. ए., शास्त्राशी संबंध दहावीलाच सुटला. आता योगशिक्षकाचं प्रमाणपत्र घ्यावं म्हणून अभ्यासक्रम लावला आहे. आसनं, प्राणायाम, योगसूत्रं यांची भीती नाही, पण शरीररचनेच्या पेपरातलं 'प्लेन्स' म्हणजे प्रतलांचं प्रकरण डोक्यावरून जातं. व्याख्या तोंडपाठ आहेत. सॅजायटल प्रतल शरीराचे डावा-उजवा असे भाग करतं, कोरोनल पुढचा-मागचा, ट्रान्सव्हर्स वरचा-खालचा. सरावाच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, पादहस्तासन कोणत्या प्रतलात होतं? पुढे-मागे हालचाल आहे म्हणून मी कोरोनल म्हणाले, तर सगळे हसले. उत्तर सॅजायटल, एवढंच सांगितलं. का, ते नाही. शिवाय शवासनात किंवा शीर्षासनात 'वरचा भाग' नेमका कोणता धरायचा?

दुसरी शंका घरची. सासूबाईंचा डावा पाय कमरेपासून दुखतो. एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी डावीकडे सरकली आहे असं लिहिलंय, पण फिल्म खिडकीशी धरून बघितली तर ती उजवीकडे आलेली दिसते. फिल्म उलटी छापली, की रिपोर्ट चुकला? डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो.

– एक योगशिक्षिका, जि. सांगली

नमस्कार.

तुमचं उत्तर चुकलं हे खरं, पण ते तुम्ही विचार करून दिलं होतंत. हसणाऱ्यांना 'सॅजायटलच का?' असं उलट विचारलं असतं तर त्यांतले बरेचजण खाली बघत राहिले असते. ज्या प्रतलामुळे पुढचा आणि मागचा असे दोन भाग पडतात, पुढे-मागे होणारी हालचाल त्याच प्रतलातली असणार, हा तुमचा तर्क. नुसती व्याख्या हातात घेतली की कोणीही याच वाटेने जाईल. पहिल्या वर्षाची मुलं, मग ती वैद्यकीयची असोत, नर्सिंगची असोत की फिजिओथेरपीची, नेमकी इथेच अडखळतात.

याचं कारण असं, की ती व्याख्या कापण्यासाठी केलेली आहे. शरीर मधून उभं कापलं तर काय दिसेल, आडवं कापलं तर काय दिसेल, हे सांगायला शरीररचनेच्या अभ्यासकांना ती लागत होती. रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव यांनी तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मृतदेह गोठवून ते करवतीने तिन्ही दिशांनी कापले आणि त्या छेदांची चित्रं छापली. कापायचं म्हटल्यावर 'कोणते दोन भाग झाले' हे महत्त्वाचं. योगवर्गात आपण कोणाला कापत नाही. तिथे हात, पाय, धड हलतं, आणि हलणाऱ्या भागाबद्दल प्रश्न वेगळा असतो: तो भाग कोणत्या सपाट पृष्ठभागाला धरून सरकला?

हे नुसतं वाचून सोडू नका, उठून करा. भिंतीला उजवी बाजू लावून उभ्या राहा. उजवा खांदा, खुबा आणि घोट्याची बाहेरची बाजू भिंतीला टेकू द्या. आता पादहस्तासनासारख्या पुढे वाका. खांदा भिंतीवरून घासत खाली येईल, पण भिंत सोडणार नाही आणि भिंतीत घुसायचा प्रयत्नही करणार नाही. तुमच्या उजव्या अंगाला उभी असलेली ही भिंत डावा-उजवा भाग करणाऱ्या प्रतलाला समांतर आहे. म्हणून पुढे वाकणं सॅजायटल. त्याच जागी उभं राहून उजवा हात बाजूने वर उचलायला जा. भिंत आडवी येईल. ती हालचाल या प्रतलातली नव्हेच.

आता वळा आणि पाठ भिंतीला लावा. टाचा, नितंब, खांद्याची पाती सगळं टेकलेलं. दोन्ही हात बाजूने वर न्या, कमरेतून डावीकडे झुका. सगळं भिंतीला घासत जाईल. हे कोरोनल. याच अवस्थेत पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करा, म्हणजे गंमत कळेल. पुढे वाकताना तोल राखायला नितंब मागे जावे लागतात, भिंत ते जाऊ देत नाही, आणि तुम्ही पुढे कोलमडायला लागता. (समोर कोणीतरी उभं असू दे.) कोरोनल प्रतलाशी पादहस्तासनाचं जमत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही. धड पुढे जाताना कोरोनल प्रतल सोडून बाहेर पडतं. सॅजायटल ते सोडत नाही.

तेव्हा कोणतं प्रतल कशाचे दोन भाग करतं हे पाठ असू द्या, पण हालचाल ओळखताना ते उलटं वापरायचं. पुढच्या आणि मागच्या भागाची सीमा ज्या प्रतलाने आखली, ती सीमा पुढे-मागे होणारी हालचाल ओलांडते. ओलांडते त्यात ती नसते.

तिसऱ्या प्रतलासाठी भिंत चालत नाही, टेबल लागतं. कमरेएवढ्या उंचीच्या टेबलासमोर उभ्या राहून कोपरं काटकोनात वाकवा, हात टेबलावर अलगद ठेवा आणि पाय न हलवता धड डावीकडे, उजवीकडे वळवा. हात टेबलावरून फिरतील, वरखाली होणार नाहीत. वळण, पीळ, मान फिरवणं हे सगळं ट्रान्सव्हर्स प्रतलातलं.

परीक्षेत भिंत नसते, म्हणून अक्ष शोधायची सवय लावून घ्या. जो सांधा हलतोय त्यातून एक लांब सुई आरपार घातली आहे आणि शरीर त्या सुईभोवती फिरतंय असं समजा. पादहस्तासनात ती सुई एका खुब्यातून शिरून दुसऱ्या खुब्यातून निघते, डावीकडून उजवीकडे. बाजूला झुकताना ती बेंबीकडून पाठीकडे जाते. वळताना ती टाळूतून खाली उतरते. अक्ष नेहमी प्रतलाला काटकोनात असतो, त्यामुळे सुई सापडली की प्रतल सापडलं: डावी-उजवी सुई म्हणजे सॅजायटल, पुढची-मागची सुई म्हणजे कोरोनल, उभी सुई म्हणजे ट्रान्सव्हर्स. तोंडी परीक्षेत घाबरल्यावर व्याख्या विसरतात. सुई सहसा विसरत नाही, कारण ती आपल्याच अंगात टोचलेली असते.

शवासन आणि शीर्षासनाबद्दल. शरीररचनेत प्रत्येक दिशा एका ठरलेल्या स्थितीवरून मोजतात: माणूस सरळ उभा, नजर समोर, पावलं जवळ आणि समोर वळलेली, हात बाजूला, तळवे पुढे. तळवे पुढेच का? तळवा पुढे असताना कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. तळवा मागे वळवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं, आणि मग आतली बाजू कोणती, बाहेरची कोणती, यावरून भांडणं सुरू होतात. तुमच्या वर्गात रोज शेवटी जे शवासन होतं ते म्हणजे जवळजवळ हीच स्थिती, फक्त आडवी. तळवे छताकडे, म्हणजे पुढेच.

आणि इथेच तुमच्या शंकेचं उत्तर आहे. प्रतलं शरीराला चिकटलेली असतात, खोलीला नाही. उभ्या माणसाचं कोरोनल प्रतल उभं असतं, तोच माणूस शवासनात गेला की ते जमिनीला समांतर होतं, पण राहतं कोरोनलच. शीर्षासनात डोकं जमिनीवर असलं तरी शरीररचनेच्या भाषेत वरचा भाग डोक्याचाच. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे आणि दोन्ही एका बाजूला टाकायचे, हा पीळ तुम्ही घेतच असाल. गुडघे जमिनीकडे पडताना दिसतात म्हणून विद्यार्थी गोंधळतात. सुई कुठे आहे बघा: डोक्यापासून पायाकडे, कण्याच्या बाजूने. म्हणजे ट्रान्सव्हर्स. खोली विसरा, भिंती विसरा, गुरुत्वाकर्षणही विसरा.

प्रत्येक प्रतल एकेकच असतं असंही नाही. बरोबर मधून जाऊन दोन समान भाग करणारं सॅजायटल एकच, त्याला मध्य प्रतल म्हणतात. पण उजव्या डोळ्यातून, डाव्या खांद्यातून जाणारी समांतर प्रतलंही सॅजायटलच. पुस्तकात 'पॅरासॅजायटल' लिहिलेलं दिसेल ते हेच. तिरक्या प्रतलांचं प्रकरण तुमच्या अभ्यासक्रमाला नसावं, तरी त्यावर खाली येते.

आता आसनं. भुजंगासन, शलभासन, पश्चिमोत्तानासन, उत्कटासन ही सॅजायटल. अर्धकटिचक्रासन कोरोनल. वक्रासन आणि अर्धमत्स्येंद्रासन यांतला पीळ ट्रान्सव्हर्स. त्रिकोणासन विचारलं तर कोरोनल म्हणा आणि एवढ्यावर थांबू नका. धड बाजूला झुकतं आणि पाय फाकवलेले असतात तेवढंच कोरोनल. ज्या बाजूला झुकायचं तो पाय बाहेर वळवला की खुबा ट्रान्सव्हर्स प्रतलात फिरतो. मान वर करून हाताच्या बोटांकडे बघितलं की मानही तिथेच फिरली. परीक्षकाला हे सांगितलंत की पुढचा प्रश्न तो जरा आदराने विचारेल. पद्धत इतकीच की अख्ख्या आसनाला एक प्रतल चिकटवायचं नाही, सांधा सांगायचा आणि मग त्या सांध्याचं प्रतल.

सूर्यनमस्काराकडे या नजरेने बघा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्याचा एवढा प्रसार केला तो सूर्यनमस्कार, मग तो दहा अवस्थांचा घाला नाही तर बारा. पुढे वाकणं, मागे वाकणं, पाय मागे नेणं, पाय पुढे घेणं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सॅजायटल. एकदाही बाजूला झुकणं नाही, एकदाही पीळ नाही. मला सूर्यनमस्काराबद्दल आकस नाही, मी स्वतः घालते. पण 'रोज सूर्यनमस्कार घातले की सगळं अंग मोकळं होतं' असं जे आपण सर्रास सांगतो ते तीनपैकी एका प्रतलापुरतं खरं आहे. वर्गात सूर्यनमस्कारानंतर एक बाजूला झुकणारं आणि एक पिळाचं आसन घेत असाल तर चांगलंच आहे. नसाल तर घ्या.

पेपरात हे विचारणार नाहीत, पण शिकवणाऱ्या बाईला हे माहीत हवं असं मला वाटतं. प्रतल ही नुसती कागदावरची रेघ नव्हे, हाडांनी ती पाळलेली असते. दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात, त्यांना फॅसेट म्हणतात. कमरेच्या मणक्यांत त्यांचे पृष्ठभाग साधारण सॅजायटल प्रतलात उभे असतात, त्यामुळे पुढे-मागे वाकणं सहज होतं आणि वळायला गेलं की हाडाला हाड अडतं. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम 10 अंशांच्या आसपास वळतात. छातीच्या मणक्यांत तेच सांधे कोरोनलकडे झुकलेले असतात, म्हणून तिथे एका बाजूला 30 अंशांहून अधिक वळण मिळतं. मानेत तर पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा एकटा मानेच्या एकूण वळणापैकी जवळजवळ निम्मं वळण देतो.

याचा वर्गात अर्थ काय? वक्रासन घेताना 'कंबर पिळा, अजून पिळा' असं ओरडणारे शिक्षक मी बघितले आहेत. कंबर पिळण्यासाठी घडलेलीच नाही. सूचना द्यायची ती छाती वळवण्याची: बरगड्या वळू द्या, खांदा मागे जाऊ द्या, कंबर लांब ठेवा. पन्नाशीच्या पुढच्या बायका वर्गात असतील तर हा फरक त्यांना दुसऱ्या दिवशी उठताना कळेल.

पद्मासनाचंही तसंच. गुडघा हा मुख्यतः सॅजायटल प्रतलातला सांधा. वाकलेला असताना थोडासा फिरतो, सरळ असताना जवळजवळ नाहीच. पद्मासनात पाय मांडीवर येतो तो खुब्यातून मांडी बाहेर वळल्यामुळे. ज्यांचा खुबा तेवढा वळत नाही, त्या हाताने पाऊल ओढून मांडीवर ठेवतात. खुबा जे देत नाही ते मग गुडघ्याकडून वसूल होतं, तेही गुडघ्याला न जमणाऱ्या प्रतलात, आणि आतली कूर्चेची गादी चेपते. कोणी 'गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं' म्हणाली तर अर्धपद्मासनही थांबवा. सुखासन पुरे.

खांद्याचा एक खेळ सांगते, वर्गात करून दाखवा. उजवा हात बाजूला सरळ सोडा, तळवा मांडीकडे, अंगठा पुढे. कोपर न वाकवता आणि हात मुद्दाम न फिरवता तो समोरून वर न्या, कानापाशी. आता तळवा डोक्याकडे आहे आणि अंगठा मागे. तिथून तोच हात बाजूने खाली आणा, इथेही मुद्दाम फिरवायचा नाही. शेवटी खांद्याला ताण जाणवेल, जबरदस्ती नको. हात खाली आला, पण तळवा आता मांडीकडे बघत नाही. तो बाहेर बघतोय आणि अंगठा मागे आहे. हात आपण कुठेच फिरवला नाही, तरी तो स्वतःभोवती अर्धा फिरला. वर जाताना सॅजायटल, उतरताना कोरोनल, आणि या दोन्हींच्या बेरजेत तिसऱ्या प्रतलातलं वळण आपोआप आलं. अमेरिकन सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हे कोडं ओळखलं जातं. खांदा धरलेल्या बाईला 'हात वर करा' एवढंच सांगून भागत नाही, कुठून वर, हेही सांगावं लागतं, ते यासाठी. खांद्याचं पातं सरळ कोरोनल प्रतलात बसलेलं नसतं, साधारण 30 ते 40 अंश पुढे कललेलं असतं. म्हणून हात अगदी समोरून किंवा अगदी बाजूने नेण्यापेक्षा दोन्हींच्या मधून, थोडा तिरका वर नेला तर बहुतेकांना सोपं जातं. तिरक्या प्रतलाचं म्हणाले होते ते हे.

अपवादांपैकी अंगठा तेवढा लक्षात ठेवा. तो बाकीच्या बोटांशी काटकोनात बसवलेला आहे, म्हणून त्याची प्रतलंही वळलेली. चार बोटं मिटतात ती सॅजायटलमध्ये, अंगठा तळव्यावरून आडवा मिटतो तो कोरोनलमध्ये. परीक्षकांना हा प्रश्न फार आवडतो.

आता सासूबाई. तुम्ही लिहिलंय त्यावरून फिल्मही बरोबर आहे आणि रिपोर्टही.

एमआरआयच्या त्या मोठ्या फिल्मवर छोट्या-छोट्या चौकटी असतात. त्यांत दोन जाती ओळखा. काही चौकटींत मणके एकाखाली एक रचलेले दिसतील, मधे गाद्या, आणि त्यांच्या मागून खाली उतरणारा एक लांब पट्टा. हे सॅजायटल छेद, माणूस बाजूने बघितल्यासारखा. उरलेल्या चौकटींत कणा दिसतच नाही. दिसतो एक वाटोळा, मागच्या बाजूला किंचित दबलेला आकार, त्याखाली एक छोटं गोल किंवा त्रिकोणी भोक, दोन्ही अंगांना आणि तळाशी स्नायूंचे जाड गोळे. हे आडवे छेद, म्हणजे तुमचं ट्रान्सव्हर्स प्रतल. स्कॅनवाले त्याला ॲक्सियल म्हणतात. काकडीच्या उभ्या फाका आणि गोल चकत्या, काकडी एकच.

गादी कोणत्या मणक्यांमधली, हे उभ्या छेदावरून कळतं. ती डावीकडे सरकली की उजवीकडे, हे आडव्या छेदावरून. तुम्ही डावं-उजवं बघितलंत ते नक्की आडव्या चौकटीत. आणि आडवा छेद सगळीकडे एकाच ठरलेल्या बाजूने बघतात: रुग्ण उताणा झोपलेला आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून डोक्याकडे बघतोय. करून बघा. सासूबाई पलंगावर उताण्या असताना पायथ्याशी उभ्या राहा. त्यांचा डावा हात तुमच्या उजवीकडे येईल, पोट वर, पाठ खाली. फिल्मवर हेच छापलेलं आहे. म्हणून त्यांची डावीकडे सरकलेली गादी तुम्हाला उजवीकडे दिसते.

खात्री करायला चौकटीच्या कडेची अक्षरं बघा. बहुतेक फिल्मवर डाव्या कडेला इंग्रजी 'आर' असतो, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू, किंवा उजव्या कडेला 'एल', म्हणजे डावी. अक्षरं आणि आकडे सरळ वाचता आले तर फिल्म तुम्ही नीट धरली आहे. आरशातल्यासारखे उलटे दिसले तर फिल्म पलटा. कोपऱ्यातल्या एखाद्या चौकटीत कण्यावर आडव्या रेघा मारलेल्या दिसतील. प्रत्येक रेघ म्हणजे एक आडवा छेद कुठून घेतला त्याची खूण. त्या रेघा तंतोतंत आडव्या नसतात, प्रत्येक गादीच्या कलाप्रमाणे थोड्या तिरक्या असतात, कारण कमरेला मुळात बाक आहे. 1971 साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला तेव्हा यंत्र फक्त आडवे छेद देत असे. एमआरआयला कोणत्याही प्रतलात, हव्या त्या कलाने छेद घेता येतात.

ती जागा बाहेरून कुठे येते तेही सांगते. कमरेवर दोन्ही हात ठेवून हाडाची वरची कड चाचपा. दोन्ही कडा जोडणारी आडवी रेघ पाठीवर साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सिझेरियनच्या वेळी पाठीत भुलीचं इंजेक्शन देताना डॉक्टर याच रेघेचा आधार घेतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपासच संपतो, त्यामुळे खाली सुई घालणं सुरक्षित असतं. चौथ्या-पाचव्यामधली गादी डावीकडे सरकली तर बहुधा कमरेची पाचवी नस दाबली जाते, आणि दुखणं नितंबातून नडगीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागाकडे, अंगठ्याकडे जातं. सासूबाईंना दुखणं बोटाने दाखवायला सांगा. ते फिल्मशी जुळतं का हे डॉक्टर बघतीलच, कारण काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या सापडतात.

पाऊल उचलताना लुळं पडणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. वेळेची वाट बघायची नाही.

आणि घरात योगशिक्षिका आहे म्हणून त्यांना पश्चिमोत्तानासनाला बसवू नका. पुढे वाकल्यावर कमरेच्या गादीवरचा दाब वाढतो. डॉक्टरांकडे जाताना फिल्म, रिपोर्ट आणि सीडी दिली असेल तर तीही न्या. फिल्म उलटी आहे का हे विचारायचं आता राहिलं नाही, त्यामुळे संकोचाचंही कारण नाही. विचारायचं ते असं: पुढे वाकणं किती दिवस बंद, भुजंगासनासारखं मागे वाकलेलं चालेल का, पाण्याची कळशी उचलायची की नाही. उत्तरं तिथेच कागदावर लिहून घ्या. घरी पोचेपर्यंत सासूबाईंना त्यातलं सोयीचं तेवढंच आठवत असेल.